सँटोरिनीला आम्ही कसे घाबरलो

ऑफिसमधले किस्से कधी साठतात ते कळत नाही. पहिल्यांदा सांगताना ती नुसती तक्रार असते, दुसऱ्यांदा हकीकत होते, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला पॅन्ट्रीतलं कोणीतरी म्हणतं, "अगं, तो खेचराचा सांग ना." तोवर आपल्यालाही तो पाठ झालेला असतो.

आमची कंपनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे, पुठ्ठ्याचे खोके बनवते. मी डॉक्युमेंटेशन बघते. परवा नवीन लागलेली सायली डबा गरम करताना मला म्हणाली, "केतकीताई, ईदच्या सुट्टीत आम्ही सँटोरिनीला जातोय. तिथे मेमरेबल असं काय काय करता येतं?"

मायक्रोवेव्हच्या रांगेत फायनान्सचे मोकाशी सर आणि डिस्पॅचचा ब्रायन उभे होते. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो. मोकाशी सर आणि वहिनी, वसईचा ब्रायन, मी आणि माझी मुलगी ईशा, तेव्हा चौदा वर्षांची. माझा नवरा ऑफशोअरला, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

"करता येतं पुष्कळ," ब्रायन म्हणाला. "आम्ही मुख्यतः घाबरलो."

*

घाबरायची सुरुवात मोकाशी सरांनी केली. सँटोरिनी हे ग्रीसचं बेट म्हणजे समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीचा काठ, आणि तो ज्वालामुखी अजून जिवंत आहे, हे आम्हाला तिकिटं काढल्यावर त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी ट्रॅव्हल इन्शुरन्सची पूर्ण पॉलिसी वाचली होती. आयुष्यात ती पूर्ण वाचलेला मला भेटलेला हा एकमेव माणूस.

"पान एकोणीस," ते तेव्हा याच पॅन्ट्रीत उभ्याने म्हणाले. "ज्वालामुखीचा उद्रेक. कव्हर नाही."

सगळे चमचे थांबले.

पुढच्या शनिवारी ते शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेले आणि पाच पिवळी सेफ्टी हेल्मेट घेऊन आले. "बारा दिरहमला एक. म्हणजे पावणेतीनशे रुपये. डोक्यापेक्षा महाग नाही."

एअरपोर्टवर बॅग स्कॅन झाली आणि तिथल्या ऑफिसरने ती उघडायला लावली. पाचही हेल्मेट बाहेर आली. "कन्स्ट्रक्शन?" त्याने विचारलं.

"नो," मोकाशी सर म्हणाले. "हॉलिडे."

ऑफिसरने हेल्मेटांकडे बघितलं, मग आमच्याकडे. ईशा तोवर शेजारच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिथल्या एका बाईंना ती सांगत होती, "आय डोन्ट नो देम."

*

अथेन्सहून बेटावर फास्ट बोटीने जायचं होतं. त्या दिवशी वारा फार होता. ब्रायनने आम्हाला धीर दिला. "मी वसईचा आहे. माझा बाबा, माझा आजोबा, सगळे मच्छीमार. काही होत नाही."

तासाभराने बोट वर जायला लागली आणि वरून सोडून दिल्यासारखी खाली आपटायला लागली. बोटीवरची माणसं निमूटपणे उलटीसाठी कागदी पिशव्या वाटत फिरत होती. आधी लहान मुलं रडत होती, ओरडत होती. मग हळूहळू तीही गप्प झाली. पाचशे माणसं आणि कोणाचा आवाज नाही. त्या शांततेची भीती मला लाटांपेक्षा जास्त वाटली.

ईशाचे ओठ पांढरे पडले होते. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यांच्या नखांचे वण दोन दिवस राहिले. मी नवऱ्याला मेसेज टाईप केला. नेटवर्क नव्हतं. काय लिहिलं होतं ते मी त्याला अजून दाखवलेलं नाही.

ब्रायन कुठे दिसेना. वाकून बघितलं तर दोन सीटच्या मधल्या जागेत, जमिनीवर, लाईफ जॅकेट छातीशी धरून पडला होता आणि रोझरी म्हणत होता.

"ब्रायन," मी म्हणाले, "तुझा बाबा बोटीवर होता ना?"

त्याने डोळे उघडले नाहीत. "म्हणून तर त्याने मला डिस्पॅचला पाठवला, मॅडम."

*

खेचराचा किस्सा छोटा आहे. जुन्या बंदरापासून वरच्या गावापर्यंत पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. रोपवेला मोठी रांग होती म्हणून सर म्हणाले, चालू या. पायऱ्या टापांनी घासून गुळगुळीत झालेल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कठडा आणि त्याखाली सरळ समुद्र.

अर्ध्यावर पोचलो आणि वरून खेचरं उतरायला लागली. वीस-पंचवीस तरी असतील, सोबत माणूस नाही. आम्ही चौघं डोंगराला चिकटलो. वहिनी मात्र नेमक्या कठड्याच्या बाजूला राहिल्या. एक करड्या रंगाचं खेचर त्यांच्यापाशी आलं आणि त्यांच्यावर रेलून थांबलं. कठडा वहिनींच्या पाठीला, खोगीर छातीला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"अगं, हलू नकोस," सर वरून म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

वहिनी पुटपुटल्या, "मी कुठे हलतेय? त्याला सांगा."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राहत होतो त्या घरात नाश्ता करत होतो. घरमालकीण सत्तरीची बाई, स्वयंपाकघरात उभी राहून आम्हाला कॉफी देत होती. मी आणि ईशा टेबलाशी, बाकीचे अजून खोल्यांत.

आधी ग्लासातला चमचा वाजला. कोणी हात लावला नव्हता.

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये, सोळाव्या मजल्यावर, इराणमधल्या भूकंपाचे झोके कधीतरी जाणवतात. दिवा हलतो, लोक पार्किंगमध्ये उतरतात, ग्रुपवर चार मेसेज पडतात, खलास. पण इथे आवाज होता. जमिनीखालून लोडेड ट्रेलर जावा तसा. भिंतीजवळच्या कपाटातली ताटं थरथरायला लागली. ईशाने माझा टी-शर्ट मुठीत धरला, अगदी लहानपणी धरायची तसा.

"मम्मा, इज धिस इट?"

पळायचं कुठे? शारजाला आपण खाली पळतो. इथे खालीच तर ज्वालामुखी होता. मी तिला टेबलाखाली ढकललं आणि तिच्यावर ओणवी झाले. तिच्या हृदयाचे ठोके माझ्या हाताला लागत होते.

तेवढ्यात मोकाशी सर डोक्यावर हेल्मेट, हातात पाच पासपोर्ट आणि एकाच पायात चप्पल अशा अवस्थेत दारात आले.

घरमालकिणीने एका हाताने ताटांचं कपाट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या हाताने ती माझ्या कपात कॉफी ओतत होती. एक थेंबही सांडला नव्हता.

"स्मॉल," ती म्हणाली. आवाज थांबला. तिने कपाट सोडलं. "शुगर?"

*

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्यक्ष ज्वालामुखीवर गेलो. बेटासमोर समुद्रात दुसरं काळं बेट आहे, तिथे बोटीने नेतात. झाड नाही, पक्षी नाही, नुसता काळा दगड. वर चढल्यावर खळग्यातून वाफ येताना दिसते आणि जळक्या काडेपेटीचा वास येतो. गाईडने आम्हाला एका भेगेवर हात धरायला सांगितला. आत ऊब होती. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तशी. मी पटकन हात मागे घेतला. आदल्या दिवशीचा आवाज इथूनच आला होता, असं माझ्या मनाने घेतलं.

ब्रायन भेगेशी बसलेला असताना त्याचा फोन वाजला. आमच्या वेअरहाऊसचे साहेब. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. गेटवर ट्रेलर उभा होता आणि खोके रचलेली कुठली पॅलेट त्यात भरायची ते कोणाला माहीत नव्हतं.

"हबीबी, व्हेअर आर यू?"

"सर, ऑन द वोल्कॅनो."

"ओके, ओके. यल्ला, सेंड द लिस्ट."

वाफेत उभं राहून ब्रायनने बावीस पॅलेटची यादी पाठवली. फोन खिशात ठेवून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

"खाली उतरू या का?" मी विचारलं. "मलाही भीती वाटतेय."

"वोल्कॅनोचं काही नाही, मॅडम," तो म्हणाला. "एक पॅलेट चुकली बहुतेक."

*

तिथून उतरलो की बोट शेजारच्या बेटापाशी गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतात. म्हणजे अगदी झऱ्यापर्यंत नेत नाहीत. पन्नासेक मीटर अलीकडे खोल पाण्यात थांबतात. तुम्ही उडी मारायची, थंड समुद्रातून पोहत जायचं, मग किनाऱ्याजवळ तपकिरी, कोमट पाणी लागतं. गाईडने दोनदा सांगितलं, चांगलं पोहता येत असेल तरच.

मला पोहता येत नाही. ईशा शाळेच्या पूलमध्ये शिकलेली. "आय हॅव अ सर्टिफिकेट, मम्मा," ती म्हणाली, आणि मी हो म्हणायच्या आत तिने उडी मारली.

ती वर आली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं पण श्वास आत जात नव्हता. पाणी फार थंड होतं. हनुवटी वर, हात नुसते पाण्यावर आपटत होते. गाईड बाकीच्यांना घेऊन पुढे गेला होता. बोट आणि ईशा यांच्यातलं अंतर वाढत चाललं. मी तिला हाक मारली की नाही, मला आठवत नाही. ब्रायन बुटाच्या नाड्या सोडायला बसला आणि त्याला गाठ सुटेना.

माझ्या शेजारी पाणी उडालं. डेकवर वहिनींच्या चपला होत्या, आणि एका चपलेत घडी घालून ठेवलेला चष्मा.

वहिनी कुर्त्यासकट पाण्यात होत्या. घाई नाही, धडपड नाही. लांब हात टाकत त्या ईशाच्या मागच्या बाजूला गेल्या, तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि तिला पाठीवर आडवं केलं. पाण्यावरून त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. "आकाशाकडे बघ. हळू श्वास घे. मी धरलंय तुला."

माझी मुलगी घरात माझ्याशीही इंग्लिशमध्येच बोलते. ती म्हणाली, "सोडू नका, काकू."

"नाही सोडत."

ब्रायनने एक बूट पायात असतानाच दोरी बांधलेली रिंग फेकली. वहिनींनी ती धरली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं. ईशा वर आली तशी मी तिला घेऊन डेकवरच बसले.

मोकाशी सर टॉवेल हातात धरून उभे होते. वहिनी शिडीवरून वर आल्या, केसांतलं पाणी पिळलं आणि चपलेतला चष्मा उचलून डोळ्यांवर लावला.

"तू पोहायला कधी शिकलीस?" सरांनी विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस?"

वहिनींनी त्यांच्या हातातला टॉवेल घेतला.

"तुम्ही घाबरला असतात."