वाट्यांची लगोरी

आमच्या वरच्या मजल्यावरची बाई नेमकी मी पोळ्या करत असतानाच येते. "दोन मिनिटं खेळून घे वं, तरतरी येते," म्हणत माझ्या धुतलेल्या वाट्यांची फरशीवर लगोरी रचते आणि मोज्याचा चेंडू करून माझ्या कणकेच्या हातात कोंबते. इतका संताप येतो!

काल मी नाही म्हटलं, तर तिने चेंडू सासूबाईंना दिला. सासरे गेल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीत नुसत्या गप्प बसून असतात.

"काकू, काहून बसून राहिल्या? मारा ना!"

सासूबाईंनी मारला. नेम चुकला. तशा त्या तिच्यावर कडाडल्या, "तू वाट्या तिरप्या रचल्या! मले पुन्हा मारू दे!"

तव्यावर पोळी करपत होती. मी चरफडत खाली बसले आणि वाट्या सरळ रचून दिल्या.