शेवटच्या गुरुवारचं उद्यापन

नाशिक रोडला माझं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथे एक निवृत्त प्राध्यापक येतात. आयुष्यभर धर्मग्रंथांवर काम केलेला माणूस. कापूर घेता घेता मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या व्रताची पोथी उघडायची, चष्मा कपाळावर चढवून दोन पानं वाचायची आणि हसायचं, ही त्यांची सवय. “ताई, ही कथा कुठल्याच पुराणात नाही. आरती तर चक्क सिनेमाच्या चालीवर!”

“सर, गिऱ्हाइकांसमोर नका हो बोलू.”

त्यांच्या बायको मात्र हे व्रत दरवर्षी करायच्या.

यंदा शेवटच्या गुरुवारी सर सकाळीच आले, दाढी वाढलेली. बायको आयसीयूत होत्या. “तिचं उद्यापन राहिलंय. शुद्धीवर आली की तेच विचारते. पुरुषानं केलं तर चालतं का?”

“मला विचारताय? ग्रंथात काय सांगितलंय?”

“ग्रंथात हे व्रतच नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.”

मला तरी कुठे माहीत होतं! “चालतं,” मी ठोकून दिलं.

“आधार काय?”

“आमच्या सासूबाई सांगायच्या.” सासूबाईंनी हे व्रत कधी केलंच नव्हतं.

सरांचा चेहरा एकदम सैल पडला. उद्यापनाला सात सवाष्णींना पोथी देऊन, त्यांना लक्ष्मी मानून नमस्कार करतात. त्यांनी सात पोथ्या घेतल्या, पहिली माझ्याच हातात ठेवली आणि ते वाकले. मी पाय मागे घेतले. मग व्रत मोडेल की काय, या भीतीने पुन्हा पुढे केले.