जर्मन दुर्बिणीवरची हळद

ज्या सोनेरी मुलाम्याला मी भर अंगणात जर्मन म्हणून वाखाणलं, ती हळद होती. आणि तीही माझ्याच रुमालाची.

झालं असं, की आम्ही नवरा-बायको कुरुंद्याला तिच्या धाकट्या भावाकडं गेलो होतो. तिथं हळकुंडं पॉलिश करायचा ड्रम सकाळपासून घरघरत होता. त्या दिवसांत त्या घरची माणसं, कुत्री, चहाचे कप, सगळंच पिवळं असतं. मी ढिगातलं एक हळकुंड उचललं, मोडून बघितलं, मान डोलावली. मला त्यातलं काही कळत नाही, पण पाव्हण्यानं मोडून बघायचं असतं. मग हात रुमालाला पुसून बाजेवर बसलो.

तेवढ्यात मेव्हण्यानं आतून एक लांबट डबा आणला. त्याची लेक लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी करते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या निवडीची चाचणी होती, आणि रायफलीवर लावायची दुर्बीण ज्यानं त्यानं आपली आणायची होती. मेव्हण्यानं ती शहरातल्या एका म्हाताऱ्या नेमबाजाकडून वापरलेली आणली होती. दुसरी शोधायला आता वेळच नव्हता.

"दाजी, तुमी शाळेत भिंगं शिकवता. बघा बरं, अस्सल हाय का?"

मी भिंगं शिकवतो म्हणजे फळ्यावर काढतो. शाळेच्या कपाटातलं खरं भिंग फुटेल या भीतीनं आजवर कुलपातच आहे. पण बायकोच्या माहेरी हे सांगायची सोय नव्हती. मी काच रुमालानं पुसली, उन्हात धरली. सोन्यासारखी झळकली.

"हे बघ, सोनेरी मुलामा! जर्मन कारागिरी. डब्यावर पण लिहिलंय."

मेव्हणा असा खुलला, की ड्रमवरच्या गड्यांनाही काच दाखवून आला. मग त्याची लेक आली. तिनं काच निरखली, नाकाशी नेली आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, जर्मनीत हळद पिकते काय?"

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. त्यामुळं ऐकून सोडून देण्यावाचून इलाज नव्हता. तिनं मऊ ब्रशनं काच झटकली, खास कापडानं पुसली आणि तिरकी धरली. आता तिच्यात फिकट हिरवी-जांभळी झाक दिसत होती. "खरा मुलामा असा असतो," ती म्हणाली. गडी हसले. बायको हसली नाही, तिनं पदर तोंडाला लावला.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं चहा मागितला असता. मी दुर्बीण डोळ्याला चिकटवली. आत मिट्ट काळोख. उलटीपालटी केली, तर नळीच्या पोटाशी बारीक अक्षरं: चीन.

"अरे, फसवलं तुला! डब्यावर एक, अंगावर एक. आत तर काहीच दिसत न्हाई. नकली हाय."

मेव्हण्यानं फोन काढला. "देवमाणूस समजून घेतली मी. आत्ताच इचारतो त्या म्हाताऱ्याला."

"अरे, ह्यांच्या बोलण्यावर काहून भांडाय निघाला?" बायको म्हणाली. पण पोरगी डब्याचं झाकण नुसतं उघडझाक करत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "नकली असली तर दर गोळीला जरा जरा सरकते. माझा नेम कितीबी बराबर असला तरी उपयोग न्हाई."

तेव्हा कुठं मला कळलं, की मी काय बोलून बसलो होतो.

तिनंच मग बापाच्या हातातला फोन घेऊन बाजेवर ठेवला. "मामा, आधी डोळा चार बोटं मागं घ्या."

मी घेतला. काळोख फाटला आणि गावच्या पाण्याच्या टाकीवरचा कावळा चोचीसकट समोर आला.

"रायफल मागं धक्का देते. डोळा फुटू नये म्हणून जागा सोडलेली असते. आन् नाव एका देशाचं, जुळणी दुसऱ्या देशातली, असं चालतंय. कुठली हाय ते सोडा. फिरवून जागेवर येते का, ते बघू."

तिनं दुर्बीण एका फळीवर घट्ट बसवली, फळी हळदीच्या दोन पोत्यांमध्ये दाबली आणि आतली नेम धरायची फुली टाकीच्या कोपऱ्यावर धरली. दुर्बिणीवरच्या चकत्या फिरवल्या की फुली खटक्याखटक्यानं सरकते. वीस खटके वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं. एवढं फिरून फुली परत कोपऱ्यावरच यायला हवी. मोजायचं काम माझ्याकडं.

तिनं डोळा लावला. डोळा चोळून पुन्हा लावला.

"न्हाई आली."

मेव्हण्याचा हात पुन्हा फोनकडं गेला. ती वळली आणि एकदम ओरडली, "मामा! पोत्याला काहून टेकलात?"

मी खरंच टेकलो होतो. मोजता मोजता. पुन्हा फुली कोपऱ्यावर धरली. या वेळी मला चार हात लांब उभं केलं आणि मोजायचं काम माझ्या बायकोला दिलं. वर, उजवीकडं, खाली, डावीकडं. ड्रमही बंद करायला लावला.

"आली. जिथल्या तिथं." तिनं बापालाही बघायला लावलं. आणखी दोनदा फिरवली. दोन्ही वेळा फुली टाकीच्या कोपऱ्यावर. मेव्हण्यानं फोन उचलला, म्हाताऱ्याला लावला आणि विचारलं, "काका, तब्येत कशी हाय?" दुसरं काही सुचलंच नसावं. पोरीनं डबा पोटाशी धरला आणि चहा ठेवायला पळाली. माझं म्हणाल तर, माझाच निकाल रद्द झाल्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. दोन कप प्यालो.

परतताना मोटारसायकलवर बायको मागं बसून पदरावरची हळद झटकत होती. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आमच्या वडलांनी तुमाला बघितलं तवा गाव इचारलं, घराणं इचारलं, रंग बघितला. फिरवल्यावर जागेवर येता का, ते काही कुणी बघितलं न्हाई. ते मलाच बघावं लागलं. येता म्हणा. दुसऱ्या खेपेला."