चीनला निघालेला कंपाउंडर

बाटली हातात देण्याआधी तो ती दाराच्या उजेडात धरायचा, तळाशी गाळ नाही ना ते बघायचा आणि म्हणायचा, "घाई नको करू, औषधले बी येळ लागस." समोर तापानं फणफणलेला मजूर असो की गावचा पाटील, वाक्य तेच. तुमच्याही गावात असा एखादा चेंगट कंपाउंडर असेल तर त्याचा किती राग यायचा, ते तुम्हाला सांगायला नको.

मी प्रकाशा गावात शाळामास्तर होतो आणि टपालाचं कामही माझ्याच गळ्यात होतं. तो माझा शेजारी. सायकलवर टांग मारून शहाद्याच्या दवाखान्यात जाई. घरात तो आणि आई, दोघंच. म्हातारीच्या पायांवर सूज असे. रोज सकाळी तो तिच्या नडगीवर अंगठा दाबी, खड्डा किती वेळात भरतो ते बघे आणि त्यावरून दिवसाचं औषध ठरवी. मला तो पोरखेळ वाटायचा, पण म्हातारी त्यावर चालती-फिरती होती हे खरं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट, चीनमध्ये लढाई पेटली. तिथल्या जखमींच्या सेवेला आपल्याकडून एक पथक निघणार असल्याचं त्यानं माझ्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रातच वाचलं आणि गुपचूप नाव धाडलं. पाकिटावर शिक्का मीच मारला होता, आतलं काय ठाऊक! बोलावणं आलं तेव्हा मी भडकलो. "आणि आईचं काय?"

"गुरुजी, तठे माणसं पट्टीवाचून मरी ऱ्हायनात. आन मी आठे खोकलान्या बाटल्या भरी ऱ्हायनू."

मी बोलावण्याचा कागद त्याच्या हातात परत दिला.

महिनाभर तयारी चालली. ट्रंकेत दोन सदरे, बाकी नुसत्या पट्ट्या. आईचीच जुनी लुगडी उकळून, वाळवून तो फाडायचा आणि गुंडाळायची म्हातारी. गुंडाळी सैल झाली की हा पठ्ठ्या उलगडून पुन्हा तिच्या पुढ्यात टाकायचा. ती पुन्हा घट्ट गुंडाळायची. मला ते बघवत नसे.

शेवटच्या आठवड्यात त्यानं मला अंगठा दाबायला शिकवलं. जोर किती, खड्डा भरेपर्यंत आकडे कसे मोजायचे, तो आकडा पत्रात कसा कळवायचा, सगळं. "खरं लिखज्यात, गुरुजी. मुंबईनी बोट सुटी जाई तवपावत मी परत ई सकस," एवढं बोलला, आईनं हातावर घातलेलं दही चाटलं आणि नंदुरबारच्या गाडीला गेला.

मुंबईत बोट लांबली, तसं त्यानं तिथल्या पत्त्यासकट कळवलं. इकडे सूज गुडघ्यांवर चढली. मी अंगठा दाबला की खड्डा भरायचं नावच घेईना. औषध वाढवून पाहिलं, शहाद्याहून डॉक्टर आणले. त्यांनी मान हलवली. मी कागद घेऊन बसलो तर म्हातारी म्हणाली, "बरी शे असं लिखा, गुरुजी. इतल्या पट्ट्या मी गुंडाळ्यात, त्या वाया जातीन."

तीन कागद फाडले. चौथ्यावर "आई बरी आहे" असं लिहिलं. आयुष्यात इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

त्याचं उत्तर आलं. "गुरुजी, पत्र मिळाले. तुम्ही खड्ड्याचा आकडा लिहिला नाही, तेव्हाच समजलो. बोट उद्या सुटते. मी जात आहे. मला समजले हे आईला कळू देऊ नका."

"काय लिखं?" म्हातारीनं विचारलं.

"तुम्ही बऱ्या आहात हे वाचून त्याला हायसं वाटलं," मी म्हणालो.

"बरं झायं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौथ्या दिवशी ती गेली. तोंडात पाणी मी घातलं. त्या दुपारी शाळेला सुट्टी देऊन मी त्याला खरं पत्र लिहिलं, अगदी आकड्यासकट. लिहून झाल्यावर पाकीट समोर ओढलं, तेव्हा ध्यानात आलं की तिकडचा पत्ता त्यानं कळवलेला नव्हता. तो त्यानं कधीच कळवला नाही.