ज्वारीच्या कोठीतलं पासबुक

सासूचा हात ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत गेला आणि माझं पोस्टाचं पासबुक घेऊनच वर आला. नवऱ्याला मोटारसायकल घ्यायची होती. मी पैसे दडवते असा त्याला संशय होता, म्हणून त्याने मायलाच शोधायला लावलं होतं. शेंदूरजनाघाटला संत्री निवडायच्या मजुरीतून मी दर महिन्याला चोरून पोस्टात भरत होते.

"हे काय व?"

खोटं सुचलंच नाही. "म्हातारपणासाठी हाय," मी म्हटलं.

"पंचविशीत म्हातारपण?"

"माय, सापडलं का काही?" नवरा ओसरीतून ओरडला.

सासूने माझ्याकडे पाहिलं. मग पासबुक, कीड लागू नये म्हणून कोठीत घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याखाली पार तळाशी दाबलं.

"काही नाही रे! सोंडे लागले ज्वारीले." आणि मला हळूच म्हणाली, "मले काहून नाही सुचलं हे? चहापत्तीसाठी पोराले मांगा लागते."

आज इतक्या वर्षांनी अमरावतीच्या खोलीत डब्यातल्या ज्वारीत कडुलिंबाचा पाला घातला आणि त्या कोठीचाच वास आला. तेव्हा मला ती बचत चोरी वाटायची. आता वाटत नाही.

सासू गेली, नवराही गेला. मी आहे, आणि चहापत्ती माझ्या पैशाची आणते.