सॅम्याच्या कानात काय होतं?

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सुप्याहून, त्याच्या कारखान्यातून फोन आला. "तुमचा सॅम्युअल गेला. फोर्कलिफ्टखाली आला. कानात हेडफोन होते म्हणे." माणूस गेल्याची बातमी आणि त्याचाच दोष, एका दमात! त्या 'म्हणे'चा मला तेव्हापासून संशय आहे.

सॅम्या नगरमधल्या आमच्या गल्लीतला. पोट कारखान्यावर, जीव हेवी मेटलवर. चर्चने मोडीत काढलेला कमरेएवढा स्पीकर त्याने दुरुस्त करून खोलीत ठेवला होता. नाताळानंतरच्या रविवारी तिथे सरत्या वर्षाचा निवाडा व्हायचा. वर्षभरात आलेल्या मेटल आणि हार्ड रॉक अल्बममधलं एकेक गाणं तो बँडचं नाव न सांगता लावायचा. आम्ही आळीपाळीने स्पीकरला पाठ टेकायचो. ज्या ठोक्याने बरगडी हलेल ते गाणं पास, बाकीची बाद. कुणी हेडफोनवर ऐकून आलं तर त्याला मतच नाही. "फोटोतली बिर्याणी खाऊन आला का रं?" असं म्हणून हाकलायचा. यंदाच्या वर्षावर तो खूश होता. "म्हातारे बँड निरोप घ्यायलेत, पन पोरींचे बँड लई भारी वाजवायलेत," म्हणायचा...

असा माणूस कामावर कानात हेडफोनची बोंडं घालेल? पण गल्लीने लगेच मान डोलावली. लांब केस, काळा शर्ट, सैतानाची गाणी. नादातच गेला असणार! संशय घ्यायला आपल्याला केस पुरतात, कारखान्याचा शब्द मात्र पुरावा वाटतो. दफनाच्या वेळी एक कामगार पुटपुटला, "गाडीचा हॉर्न बंद हुता." "कधीपासून?" मी विचारलं. त्याने समोरच्या सुपरवायझरकडे पाहिलं आणि गर्दीत मागे सरकला. कारखान्याला हेडफोन दाखवा म्हटलं, तर अजून कुणी दाखवलेले नाहीत.

सगळ्यात जास्त लागलं ते मार्था मावशीचं, त्याच्या आईचं बोलणं. "मी ओरडायचे त्याला, कान जातील म्हणून. गानीच नडली," ती म्हणत राहिली.

नाताळानंतरच्या रविवारी यंदा तिनेच आम्हाला बोलावलं. "त्याच्यासारखंच लावा. आवाज बारीक करू नका." चहाचा ट्रे तिने सवयीने स्पीकरवर ठेवला, कप थडथडू लागले. तिने ट्रे उचलून माझ्याकडे दिला आणि तळहात तिथेच टेकवला. गाणं संपेपर्यंत काढला नाही.

"असंच ऐकायचा तो?"

"नेहमी, मावशी."

"मग एवढं सगळं त्या बारक्या बोंडात कसं मावंल रं?"

तिने पदराला डोळे पुसले.

"उद्या सुप्याला चल माझ्यासंगं. ते हेडफोन मला बघायचेत."