उजव्या मागच्या चाकाची उटी

या सदरात येणारे अनुभव मी आजवर वाचले ते कामाच्या सवयीने... कुठे माहिती गाळली आहे, कुठे ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली आहे, ते शोधत. वृत्तपत्राच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली. भुताखेतांच्या बातम्या आमच्याकडेही यायच्या, आणि बातमीदाराला दोन साधे प्रश्न विचारले की बहुतेक तिथेच संपायच्या. आज जे लिहिते आहे त्याला मी ते प्रश्न स्वतःच विचारून पाहिले आहेत. ते संपलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ठिकाण भोर तालुक्यातलं. हिर्डोशीच्या वर डोंगरात एक वाडी आहे. नाव देत नाही. तिथे माझी मामी एकटी राहते आणि तिला बघ्यांचा त्रास नको.

मामांकडे एक जुनी फोर-बाय-फोर पिकअप होती. वाडीतली माणसं, भाताची पोती, आजारी शेळ्या, सगळं त्यातूनच भोरच्या बाजाराला जायचं. मामांचा हँडब्रेकवर कधीच भरवसा नव्हता. चढावर गाडी थांबली की ते आधी स्वतः उतरायचे, मागच्या उजव्या चाकाला उटी लावायचे – म्हणजे चाक मागे सरकू नये म्हणून खाली सारायचा दगड किंवा लाकडाचा ठोकळा – आणि टाचेने तिच्यावर दोनदा ठोकायचे. मग म्हणायचे, "हां, आता बसा." तोवर कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही. लग्नाच्या वऱ्हाडातल्या व्याह्यालाही त्यांनी असंच ताटकळत ठेवलं होतं, असं घरात अजून सांगतात.

एका पावसाळ्यात वाडीचा रस्ता खचला. गाडी वर चढेना, म्हणून मामांनी ती खाली हिर्डोशीत लावून ठेवली. त्याच पावसात ते आजारी पडले. चार जणांनी त्यांना डोलीत घालून खाली आणलं. मामा वाटेतच गेले. खाली गाडी उभी होती, टाकीत डिझेल होतं.

मामीने डोलीचं नाव टाकलं ते तेव्हापासून. गेल्या वर्षी तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. मामीचं उत्तर ठरलेलं होतं – "दारात गाडी आली तर येते. न्हाईतर हितंच बरी हाय मी." तिला तेवढी चढउतार झेपणार नव्हती आणि डोलीत ती बसणार नव्हती. वाडीचा रस्ता पुन्हा होण्याची चिन्हं नव्हती. म्हणजे गाडीच रस्त्यालायक करायची, एवढाच मार्ग उरला.

ते काम माझ्या धाकट्या भावाने, संजयने, अंगावर घेतलं. त्याचं वेल्ह्यात बी-बियाण्याचं दुकान आहे. मामांची पिकअप त्याने आधीच नेऊन ठेवली होती. हायवेला शिवऱ्याजवळ युनूसभाईंचं गॅरेज आहे, तिथे ती उभी राहिली. युनूसभाई मूळचे भोरचे, मामांना ओळखणारे. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलून जादा पानाचे घातले, ते टांगणारे शॅकल लांब केले, पुढूनही गाडी तेवढीच उचलली. मोठ्या खाचांचे टायर आले. इंजिनच्या चेंबरखाली जाड लोखंडी पत्रा लागला. ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल लांब घातली, कारण गाडी उंच केली की पोटातलं सगळं ताणलं जातं.

"संजयशेठ," गाडी देताना युनूसभाई म्हणाले, "पाटे नवे हायती, बसतील जरा. थोडी पळवा आन परत आणा. हँडब्रेक पुन्ना आवळून द्यायचाय."

"आणतो की."

"आणतो म्हणणारी मान्सं मला टोचन लावूनच भेटत्यात."

संजय हसला. दुकानात पेरणीचा माल उतरत होता. गाडी परत नेणं राहून गेलं. मामांची जुनी उटी आता कामाची नव्हती. मोठ्या चाकाखाली ती फुटकळ दिसायची. संजयने ती दुकानात दाराला अडसर म्हणून ठेवली. घटनेच्या दिवशीही ती तिथेच होती. मी संजयच्या बायकोला विचारून खात्री केली आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मामीला आणायला गेलो. सकाळची वेळ, आकाश निरभ्र. असे अनुभव रात्री येतात असा समज आहे, म्हणून मुद्दाम नोंदवते – इतकं लख्ख ऊन होतं की डोळ्यांवर हात धरावा लागत होता. खचलेल्या टप्प्यावरून गाडी सावकाश, एकेक चाक दगडावर ठेवत वर गेली. मामीच्या अंगणात, चढाला नाक करून संजयने ती उभी केली. मागे उतार, उताराच्या टोकाला भाताच्या खाचराचा बांध आणि बांधापलीकडे ओढ्याची खोल घळ.

मामी पदर खोचून दारात उभी होती. गाडीकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "ही गाडी का माडी? शिडी आणलीया का?"

"तुला खांद्यावर घेऊन चढवतो, मामी."

"तुझ्या खांद्यात दम असता तर गाडी कशाला लागली आसती?"

तिची थट्टा तोंडापुरती होती. रात्रभर ती झोपली नव्हती. मला आत बोलावून म्हणाली, "सुमे, घर असं टाकून जायचं बरं वाटंना गं. त्येंनी काय म्हनायचं?"

मी म्हटलं, मामांनी आधी गाडीत बस म्हटलं असतं.

शेवटी ती बाहेर आली. पायरी उंच झाल्याने संजयने डाव्या दाराशी लाकडी स्टूल ठेवलं. इंजिन चालू होतं – बॅटरी जुनीच राहिली होती, बंद केलं तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

मामी स्टुलापाशी थांबली. "उटी लावली का रं?"

"मामी, नवी केबल हाय. उटीचा जमाना गेला."

"मला न्हाई बसायचं मग."

"अगं, दवाखान्यात वेळ दिलीय त्यांनी. चढ की."

"मी न्हाई येत, संज्या. ऱ्हाऊ दे. पावसाळा गेल्यावर बगू."

पावसाळा गेल्यावर काय, ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. तिला सांगितलं नव्हतं. संजयचा आवाज चढला, मग लगेच उतरला. त्याने तिचं कोपर धरलं आणि ती नाइलाजाने स्टुलावर चढली. मी दाराला कुलूप लावून, तिची पिशवी घेऊन गाडीच्या नाकासमोर उभी होते. दोघं मला स्पष्ट दिसत होते.

तिने एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला आणि हँडब्रेक सुटला.

गाडी मागे सरकली. आधी हळू, मग तशी राहिली नाही. स्टूल कलंडलं. मामी दाराच्या दांड्याला लोंबकळली, संजयने तिला कमरेला मिठी मारली आणि तो तिच्याबरोबर फरफटत गेला. ब्रेकपर्यंत पोचायला कोणीच नव्हतं. मी धावले, पण माझ्या धावण्याने काही होणार नव्हतं. बांध जवळ आला...

गाडी थांबली. एक हिसका बसला, आणि ती जागेवर राहिली.

संजयने मामीला खाली टेकवलं, आत झेप घेतली, गिअर टाकला, इंजिन बंद केलं. मग मी मागे गेले. मागच्या उजव्या चाकाखाली, बरोबर मध्यभागी, काळा दगड होता. चाकाच्या गोलाईशी नीट सारलेला. त्याची वरची बाजू ओली होती आणि तिला माती चिकटलेली होती. मे महिन्यात उघड्यावर पडलेला दगड वरून ओला नसतो. जमिनीतून नुकता उपटून उलटा ठेवला तरच तसा दिसतो.

मी खड्डा शोधला. तो अंगणाच्या वरच्या टोकाला, फणसाखाली मिळाला. दगडाच्या आकाराचा, तळाशी ओल, आणि त्यात मुंग्या आपली पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळत होत्या. म्हणजे दगड उचलला त्याला फार वेळ झालेला नव्हता. मी दोन्हींचे फोटो काढले.

मग संजयला वेगळं बाजूला घेऊन विचारलं. त्याने दगड ठेवला नव्हता. दोन्ही हातांनी मामीला धरून होता, हे मीही पाहिलं होतं. त्याने एकच गोष्ट जोडली – गाडी थांबली त्या क्षणी त्याला मागून टाचेने ठोकल्यासारखे दोन आवाज आले. मला आले नाहीत. इंजिन चालू होतं; त्याचा भास असू शकतो.

दगड आधीपासून वाटेत पडला असेल, हा पहिला तर्क. पण थोड्या वेळापूर्वी गाडी त्याच चाकोरीने वर आली होती, आणि ओल व मुंग्यांचं त्यात बसत नाही. कोणीतरी येऊन ठेवला, हा दुसरा. शेजारची दोन्ही घरं बंद होती. माणसं पुण्याला, पेरणीला येणार होती. आणि तो दगड एकट्या माणसाने फणसापासून चाकापर्यंत आणायचा तर गाडी सुटायच्या आधी निघायला हवं होतं. पावलांचे ठसे होते का, असं मला विचारतात. अंगण मुरमाचं, उन्हाने टणक झालेलं. आमचेही ठसे नव्हते. तो पुरावा कोणत्याच बाजूचा नाही.

हे सगळं मी करत होते तेव्हा मामी गुडघ्याचं खरचटलेलं पदराने पुसत दगडाकडे बघत होती. मग तिने स्वतः स्टूल उचललं, दाराशी ठेवलं.

"चला," ती म्हणाली.

संजय घाबरला होता. "मामी, जरा थांबू. पाणी पी."

"आता कशाला थांबायचं? उटी लागली न्हवं?" आणि ती कोणाचा हात न धरता चढून बसली.

ऑपरेशन नीट झालं. येताना-जाताना काही घडलं नाही. युनूसभाईंनी केबल पाहिली. पाटे बसल्यावर ती सैल पडली होती, बाकी दोष नव्हता. मी त्यांना फोटो दाखवले. ते पाहून म्हणाले, "ताई, दगड लागला हे बगा. कुनी लावला हे कशाला बगताय?" मी म्हटलं, माझं कामच ते होतं. ते म्हणाले, "मग काढा शोधून, आन मलाबी सांगा." अजून सांगू शकलेले नाही.

पावसाळा संपल्यावर आम्ही मामीला परत वाडीला सोडलं. संजयने आता मोठ्या चाकाला बसेल अशी बाभळीची उटी घडवून घेतली आहे. अंगणात गाडी थांबली तसा तो आधी उतरला, मागच्या उजव्या चाकाला उटी सारली, टाचेने दोनदा ठोकली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघं डाव्या दाराशी स्टूल घेऊन उभे राहिलो.

मामी आतच बसून होती.

"उतरू का?" तिने विचारलं.

"उतर की," संजय म्हणाला.

पण तिने ते आम्हाला विचारलं नव्हतं. तिची मान उजवीकडे, मागच्या चाकाच्या दिशेला वळलेली होती. ती थोडं थांबली. तिला काय उत्तर मिळालं, मिळालं का, मला माहीत नाही. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

ती उतरली.